पाखरांना किती पाणी लागते?

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला, तेव्हा पक्ष्यांचा विचार कोणाच्याही डोक्यात नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे १९०७ च्या सुमारास हे दगडी बांधकाम उभे राहिले ते शेतीसाठी. वरच्या धरणात साठवलेले पाणी नदीतून खाली सोडायचे, बंधाऱ्याशी अडवायचे आणि तिथून दोन्ही तीरांच्या कालव्यांत घालून कोपरगाव-राहात्याकडच्या रानांना पुरवायचे, एवढाच त्यामागचा हेतू. नदीने मात्र या थबकलेल्या पाण्यात दर पावसाळ्यात गाळ आणून टाकला. साठवणीच्या हिशेबात तो तोटाच होता. पण त्याच गाळाची पुढे बेटे झाली, बेटांवर लव्हाळे आणि पाणकणीस माजले, मधल्या भागात उथळ डबकी आणि दलदल तयार झाली. हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरू लागले. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये ‘रामसर’च्या जागतिक पाणथळ यादीत महाराष्ट्राचे पहिले नाव लागले ते याच ठिकाणाचे.

धरण गाळाने भरणे ही एरवी वाईट बातमी. मग पक्ष्यांना ती इतकी का मानवली? या प्रश्नाचे उत्तर एकदा समजले, की त्र्यंबकेश्वरपासून काकिनाड्याच्या समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी कुठे, कधी आणि कोणता पक्षी भेटेल याचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो. पाणपक्ष्यांना भरपूर पाणी लागते, अशी आपली समजूत असते. खरे तर बहुतेकांना हवे असते ते थोडेच, आपापल्या मापाचे पाणी. आणि ते ऋतूप्रमाणे चढणारे-उतरणारे हवे असते.

टाचेपासून गळ्यापर्यंत

चापडगावच्या बाजूने अभयारण्यात शिरून काठाशी उभे राहिले, की पाण्याची खोली पक्ष्यांवरून वाचता येते. अगदी कोरड्या कडेला टिटवी आणि धोबी. ओल्या चिखलात चिखल्या हा छोटा पक्षी चार पावले धावतो, थांबतो, टोच मारतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड. चिखलाच्या वरवर हलणारा किडा दिसला तरच त्याला मिळतो. त्याच्या शेजारची तुतारी चोच चिखलात खुपसत चालते, कारण तिचे भक्ष्य वरून दिसत नाही, ते स्पर्शाने शोधावे लागते. आणखी पुढे घोट्याएवढ्या पाण्यात मालगुजा आपली लांब, सरळ चोच मुळापर्यंत बुडवतो. त्याच्याही पुढे गुलाबी काड्यांसारख्या पायांवर शेकाट्या उभा असतो. एकाच काठावर, दहा-पंधरा पावलांच्या पट्ट्यात, हे सगळे एकमेकांच्या वाटेत न येता पोट भरतात. ज्याचे पाय आणि चोच जेवढी लांब, तेवढे त्याचे रान आत सरकते.

गुडघाभर पाण्यात चमचा भेटतो. हा पांढराशुभ्र पक्षी चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत पुढे जातो. चोचीच्या चपट्या टोकाला मासोळी किंवा कोळंबीचा स्पर्श झाला, की ती पटकन मिटते. पाणी गढूळ असले तरी त्याचे अडत नाही. राखी बगळ्याचे तसे नाही. तो नजरेवर जगतो, म्हणून निवळ पाण्यात तासन्‌तास एका जागी उभा राहतो. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायींवर राहतो. त्याच्या चोचीच्या दोन पात्यांमधली फट आणि टोकाची ठेवण शंखातले मांस ओढून काढायला कामी येते.

मग येतात बदके. इथे नवख्या माणसाचा गोंधळ होतो, कारण सगळी बदके त्याला सारखीच दिसतात. ती दोन गटांत वाटून घेतली, की ओळखणे सोपे जाते. पहिला गट वरवर चरणाऱ्यांचा: तलवार बदक, भुवई बदक, थापट्या, चक्रांग, आपले स्थानिक धनवर. ही बदके बुडी मारत नाहीत. मान पाण्यात घालतात, फार तर शेपूट आभाळाकडे करून उभी होतात. त्यांची पोहोच मानेच्या लांबीएवढीच, म्हणजे वीतभर ते हातभर. त्याहून खोल पाण्याच्या तळाशी कितीही अन्न असले तरी ते त्यांच्या कामाचे नाही. दुसरा गट बुडी मारणाऱ्यांचा: शेंडी बदक, लालसरी. यांचे पाय शरीराच्या मागच्या टोकाला असतात, त्यामुळे ती पाण्याखाली झपाट्याने जातात, पण जमिनीवर त्यांना धड चालता येत नाही. हवेत उठतानाही पहिल्या गटातली बदके थेट उसळी घेतात, तर दुसऱ्या गटातल्यांना पाण्यावरून धावत जाऊन वेग घ्यावा लागतो. बदक उडाले कसे, एवढे पाहिले तरी अर्धी ओळख पटते.

थापट्याची चोच दुर्बिणीतून निवांत पाहावी अशी असते. ती टोकाशी फावड्यासारखी रुंद, आणि तिच्या आतल्या कडेला शंभराहून अधिक बारीक दातऱ्या असतात. थापट्या चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून पुढे सरकतो. पाणी आत घेतो, दातऱ्यांतून बाहेर दाबतो, आणि सूक्ष्म जीव, बिया, शेवाळाचे कण चाळणीत राहावेत तसे आत राहतात. कधी कधी पाच-पंचवीस थापटे गोल फेर धरून एकामागे एक पोहतात. त्यांच्या पायांनी पाणी ढवळून तळाचे अन्न वर येते आणि प्रत्येकाला पुढच्याने उठवलेला घास मिळतो. हे फक्त उथळ पाण्यातच साधते.

आता गाळाचे कोडे उलगडते. खोल, तीव्र काठाच्या धरणात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही, वनस्पती रुजत नाहीत, आणि बहुतेक पक्ष्यांची चोचही तिथवर जात नाही. गाळाने पाणी उथळ केले, तळाला ऊन मिळाले, पाणवनस्पती वाढल्या, त्यांच्यावर किडे आणि गोगलगायी आल्या, त्यांच्यामागे मासे आले आणि अखेरीस पक्षी. नांदूरला पाचशेहून अधिक जातींच्या जीव-वनस्पतींची नोंद आहे, ती याच साखळीची. कमळपक्ष्याला लांब बोटांनी चालायला तरंगती पाने मिळाली. पावसाळ्यात त्याची मादी अंडी घालून मोकळी होते. ती उबवणे आणि पिलांना सांभाळणे हे काम नराचे. वारकऱ्यांच्या काळ्या थव्यांना हवी तेवढी पाणवनस्पती मिळाली. जांभळ्या पाणकोंबडीला पाणकणसाचे आडोसे लाभले.

नाथसागराचे सपाट काठ

नांदूरहून नदी पुढे अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांच्या सीमेवरून पैठणला येते, आणि तिथे जायकवाडीचा अफाट जलाशय, म्हणजे नाथसागर, पसरतो. पायाभरणी १९६५ ची, लोकार्पण १९७६ चे. शंभराहून अधिक गावे या पाण्याखाली गेली. ज्यांची घरे आणि रानेच तळाशी आहेत, त्या माणसांची आठवण ठेवूनच इथले पक्षी पाहावेत. पक्षी अभयारण्य म्हणून या जलाशयाची घोषणाही १९८६ मधलीच, सुमारे ३४० चौरस किलोमीटरची.

जायकवाडीला पक्षी इतके का येतात, हे आकड्यांतच दडले आहे. या धरणाची साठवण सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि पाण्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागाकार केला, तर काठोकाठ भरल्यावरही सरासरी खोली आठ-साडेआठ मीटरच निघते. कोयनेचा शिवसागर साठवणीत जवळपास एवढाच, पण त्याचा पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर; म्हणजे त्याची सरासरी खोली पंचवीस मीटरच्या आसपास जाते. सह्याद्रीच्या दऱ्यांत अडवलेले पाणी खोल उतरते, मराठवाड्याच्या सपाट पठारावर अडवलेले पाणी पसरते. पसरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन जास्त, म्हणून ते सिंचनाच्या दृष्टीने महाग. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र तेच मोलाचे.

सपाट काठाचा फायदा पाणी उतरू लागले की कळतो. जिथे दोनशे मीटरला एक मीटर इतकाच उतार आहे, तिथे पातळी एक मीटर घटली, की पाणी दोनशे मीटर मागे जाते. दिवाळीनंतर सिंचनाची आवर्तने सुरू होतात, पाणी उतरते आणि दर आठवड्याला ओल्या चिखलाचा नवा पट्टा उघडा पडतो. त्यात पाण्याखाली दडलेले किडे, अळ्या, शिंपले असतात. चिखल्या आणि तुताऱ्या त्या सरकत्या काठाबरोबर रोज आत सरकतात. काठ एकाच जागी महिनोन्‌महिने थांबला, तर तिथले अन्न संपून जाईल. नवा चिखल उघडत राहतो, म्हणूनच हजारो पोटे हिवाळाभर भरतात.

मागे राहिलेल्या ओलीवर शेतकरी गाळपेर करतात. पाण्याने सोडलेल्या या जमिनीत हरभरा, गहू, ज्वारी पाणी न देता येते. त्या पिकात आणि धसकटांत क्रौंचांचे थवे उतरतात, तसेच पट्टकदंब हंसही. पट्टकदंब ओळखायला सोपा: पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. मंगोलिया, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांकाठी तो वीण घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रांनी त्याची उंची मोजली गेली, तेव्हा ७,२९० मीटरपर्यंतची नोंद मिळाली. बहुतेक वेळ मात्र तो त्याहून बराच खालून, डोंगराचा चढ-उतार धरून उडतो. उगाच वर राहण्यात शक्ती जाते. त्यापेक्षा दरीत उतरून पुन्हा चढणे त्याला परवडते. रात्रीची आणि पहाटेची गार हवा दाट असते, पंखांना आधार देते आणि तिच्यात प्राणवायूही अधिक मिळतो, म्हणून अवघड टप्पे तो बहुधा तेव्हाच पार करतो. त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा घट्ट धरून ठेवते. असा पाहुणा गोदाकाठच्या हरभऱ्यात कोवळे शेंडे खुडत असतो, तेव्हा शेतकऱ्याचे नुकसान होते हेही खरे. पक्षीप्रेमी म्हणवणाऱ्याने ते नाकारू नये.

पाणी आणखी उतरले, की हिवाळ्याच्या अखेरीस रोहित येतात. त्यांची खाण्याची पद्धत वेगळीच: मान खाली सोडून डोके उलटे करायचे, म्हणजे चोचीचा वरचा भाग खाली जातो. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करत ते पाणी आत ओढतात आणि बाहेर फेकतात. चोचीतल्या कंगोऱ्यांत बारीक जीव अडकतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही अन्नातल्या द्रव्यांतूनच येतो. इतके लांब पाय असूनही त्यांना चिखलाळ, उथळ पाणी हवे असते, म्हणून जायकवाडी तुडुंब असलेल्या वर्षी ते उशिरा आणि कमी दिसले, तर नवल वाटायला नको.

उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतो. घरटे म्हणजे वाळूतला नुसता खळगा. अंड्यांवर वाळूच्या रंगाचे ठिपके, तेवढेच त्यांचे संरक्षण. भोवती पाणी आहे तोवर कुत्री आणि कोल्हे तिथे पोहोचत नाहीत. पाणी फार आटले, तर बेट काठाला जोडले जाते आणि अंडी जातात. अवेळी पाणी सोडले, तर ती बुडून जातात. हातभर पातळीच्या फरकावर एका पक्ष्याची वर्षभराची वीण अवलंबून असते.

उगमाकडे आणि मुखाकडे

गोदावरीचा सगळाच प्रवास उथळ पाण्याचा नाही. उगमाजवळ ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसात राहिला, तर ते मांस गिधाडांना विष ठरते. १९९० च्या दशकात त्यांची संख्या कोसळली आणि २००६ मध्ये हे औषध पशुवैद्यकात बंद झाले. नदी तेलंगणात गेल्यावर प्राणहितेच्या खोऱ्यात, बेज्जूरच्या जंगलातल्या पालारापू कड्यावर याच जातीची घरटी २०१३ मध्ये आढळली. पुढे पापीकोंडाच्या डोंगरांतून नदी घळीत शिरते. मुखाशी काकिनाड्याजवळ १९७८ मध्ये जाहीर झालेले कोरिंगा अभयारण्य आहे. तिथे खारफुटीत पाण्याची पातळी भरती-ओहोटी ठरवते. जायकवाडीला जो चिखल उघडायला आठवडा लागतो, तो तिथे दिवसातून दोनदा उघडतो, आणि तुताऱ्या आपले जेवण समुद्राच्या घड्याळावर घेतात. नियम तोच, फक्त वेग वेगळा.

पाहायला जाताना

नाशिकहून नांदूर मध्यमेश्वर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, संभाजीनगरहून पैठण सुमारे पन्नास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उजाडताना पोहोचावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी. समोरच्या उन्हात सगळी बदके काळी दिसतात. आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते, पण विस्तीर्ण पाण्यावर तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप असेल तर मजा वाढते. चापडगावचे स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून येतात. त्यांना सोबत घ्यावेच, कारण काल कुठले पाणी उतरले आणि थवा कुठे सरकला हे त्यांना ठाऊक असते. फोटोसाठी थवा उठवू नये. भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून घिरट्या घालत आला, की बदकांचा अख्खा थवा उठतो. ती धावपळ त्यांच्या वाट्याला रोजच असते, तिच्यात आपण भर घालू नये. हिमालय ओलांडून आलेल्या शरीराला परतीसाठी चरबी साठवायची असते, आणि उगाच केलेले प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातून वजा होते.

आणि पक्षी मोजताना पाणीही मोजावे. ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात तिची सुरुवात १९८७ ची. ई-बर्ड या संकेतस्थळावर पक्षीनिरीक्षकांच्या याद्या रोज चढतात. त्या याद्यांत पक्ष्याचे नाव असते, संख्या असते, वेळ असते, पण त्या दिवशी बंधाऱ्याचे दरवाजे उघडे होते की बंद, काठ किती मागे गेला होता, चिखल ओला होता की भेगाळलेला, हे क्वचितच असते. एखाद्या वर्षी रोहित आले नाहीत, तर लगेच प्रदूषणाकडे बोट दाखवले जाते. प्रदूषण आहेच: नाशिककडून येणारे सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी नांदूरचे उघडे पाणी झाकून टाकते, आणि झाकलेल्या पाण्यात थापट्याला चोच टेकवायला जागा उरत नाही. पण कधी कारण तेवढेच असते, की त्या वर्षी पाणी उतरलेच नाही.

गोदावरीच्या पाण्यावरून वरच्या आणि खालच्या भागांत वाद आहेत. नाशिक-नगरची धरणे आणि मराठवाड्याचे जायकवाडी यांच्यात समन्यायी वाटप कसे व्हावे, यावर कायदे, समित्या, न्यायालये झाली. त्या वाटपात शेती, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांचे हिस्से टीएमसीत मांडले जातात, आणि ते मांडलेच पाहिजेत; तहानलेल्या गावापुढे थापट्याची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मात्र पक्ष्यांना या हिशेबात वेगळे टीएमसी नको आहे. जे पाणी सोडायचेच आहे, ते केव्हा आणि किती सावकाश सोडायचे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. सुरयाची अंडी असतील तेव्हा विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवणे, हिवाळ्यात नांदूरची पातळी एकदम न चढवणे, जायकवाडीवर तरंगत्या सौर प्रकल्पासारखा प्रस्ताव येतो तेव्हा तो पसरट, उथळ भागावर आहे की खोल पाण्यावर, हे आधी तपासणे: यांपैकी कशातही शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी कमी होत नाही.

पण हे मागायचे, तर हातात नोंदी हव्यात. पाटबंधारे खात्याकडे पातळीचे आकडे आहेत, पक्षीनिरीक्षकांकडे पक्ष्यांचे. ते शेजारी-शेजारी मांडले, की कोणत्या पातळीला कोणता पक्षी येतो, कोणत्या आठवड्यातल्या विसर्गाने कोणती वीण जाते, हे कागदावर दिसेल, आणि आवर्तनाचे वेळापत्रक ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे ते ठेवता येईल. त्यासाठी मोठ्या संशोधकाची वाट पाहायला नको. पुढच्या वेळी गोदाकाठी जाल, तेव्हा यादीच्या वरच्या ओळीत तारखेशेजारी पाणी कुठवर आहे ते लिहा: बंधाऱ्याच्या कोणत्या दगडापर्यंत, गाळपेर किती आत गेली, बेट सुटे आहे की काठाला जोडलेले. नजरेने केलेली ही नोंद पाच-दहा वर्षे, अनेक हातांनी, नेमाने झाली, तर शंभर वर्षांपूर्वी ज्या बंधाऱ्याच्या आराखड्यात पक्षी नव्हते, त्याच्या पुढच्या नियोजनात ते असतील.